८ महिन्यांच्या बाळाला खुणा शिकवायच्या आहेत: कोणत्या, कशा, आणि आजीच्या शंकेचं काय?

गवतीचहा

लेक आठ महिन्यांची आहे. आधाराशिवाय बसते, सरपटते, वस्तू या हातातून त्या हातात घेते. दिवसा आजीकडे असते, दोन महिन्यांनी अर्धा वेळ पाळणाघर सुरू होईल. घरात मराठी, बाबा तिच्याशी कोकणीत बोलतो. बाळांना बोलता येण्याआधी हाताच्या खुणा शिकवल्या तर भूक, तहान, पुरे झालं वगैरे ती रडण्याऐवजी हाताने सांगतात, असं वाचलं. शोधलं की सापडतात ते व्हिडिओ मात्र जवळजवळ सगळे अमेरिकन साइन लँग्वेजचे. प्रश्न असे:

१. खुणा अमेरिकन घ्याव्यात, भारतीय सांकेतिक भाषेतल्या, की आपल्या घरगुती?
२. सुरुवात किती आणि कोणत्या खुणांनी करावी?
३. दाखवायच्या कशा? "दूध" दाखवतोय, ती नुसती बघते.
४. आजी म्हणते, हातानेच काम भागलं तर पोर बोलेल कशाला? यात तथ्य आहे का?
५. फ्लॅशकार्डांचे संच आणि ऑनलाइन कोर्स विकत मिळतात, ते लागतात का?

---

अर्धविराम

चौथ्या प्रश्नापासून सुरू करतो. तो घरात मिटला नाही तर बाकीचं पुढे सरकणार नाही.

आजींचा तर्क मोठ्या माणसाला लागू पडेल. बाळाच्या बाबतीत उलटं घडतं. बाळाने पंख्याकडे बोट केलं की आपण न ठरवता म्हणतो, "पंखा! पंखा फिरतोय." म्हणजे ज्या क्षणी तिचं लक्ष त्या वस्तूवर आहे, नेमक्या त्याच क्षणी तिला शब्द ऐकायला मिळतो. शब्द शिकायला याहून चांगली वेळ नाही. जाना आयव्हरसन आणि सुसान गोल्डिन-मेडो यांनी १० ते २४ महिने वयातल्या दहा मुलांचा पाठपुरावा करून २००५ साली निष्कर्ष छापले. बहुतेक वस्तू आधी मुलांच्या हावभावांत आल्या आणि नंतर त्यांच्या तोंडी. शिवाय जी मुलं हावभाव आणि शब्द यांची जोडी लवकर लावू लागली (पक्ष्याकडे बोट आणि तोंडाने "जोजो"), ती दोन शब्दांची वाक्यंही लवकर बोलू लागली.

हात आधी का चालतो, तर जीभ, ओठ, श्वास आणि स्वरयंत्र यांचा मेळ बसणं फार नाजूक काम आहे. पंजा उघडणं-मिटणं, हात तोंडाकडे नेणं या हालचाली आठ-नऊ महिन्यांत बऱ्यापैकी ताब्यात येतात. कर्णबधिर आईवडिलांच्या कर्णबधिर बाळांवर लॉरा-अॅन पेटिटो आणि पॉला मॅरेंटेट यांनी १९९१ साली 'सायन्स'मध्ये लिहिलं होतं. आपली बाळं "बाबाबा, दादादा" करतात तसं ती बाळं हातांनी करतात: तीच तीच आकृती, ठराविक लयीत, अर्थाविना.

एक अट मात्र पक्की. खूण करताना शब्द तोंडाने म्हटलाच पाहिजे, आणि दर वेळी. मुक्याने खूण करायची सवय लागली तर आजींची शंका खरी ठरायला वाव आहे.

आता दुसरी बाजू. "बुद्ध्यांक वाढतो", "लवकर बोलतं", "शब्दसंग्रह दुप्पट होतो" असं जे विकलं जातं त्याला आधार कमजोर आहे. ऐकू येणाऱ्या बाळांना खुणा शिकवण्याचं संशोधन कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत लिंडा अॅक्रेडोलो आणि सुसान गुडविन यांनी १९८० च्या दशकात सुरू केलं. त्यांचे २००० सालचे निष्कर्ष खुणांच्या बाजूने होते. पण २००५ मध्ये कॅनडातल्या अभ्यासकांनी तोवरचे १७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा फायदा ठामपणे सांगावा इतकी बहुतेकांची पद्धत भक्कम नव्हती. २०१३ मध्ये इंग्लंडमध्ये एलिझाबेथ कर्क आणि सहकाऱ्यांनी ४० बाळं आठव्या महिन्यापासून विसाव्या महिन्यापर्यंत पाहिली, त्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं गटांत वाटून. खुणा शिकलेली बाळं भाषेत पुढेही गेली नाहीत आणि मागेही पडली नाहीत. फरक आयांमध्ये दिसला. खुणा शिकवणाऱ्या आया बाळाच्या न बोलता केलेल्या इशाऱ्यांना जास्त प्रतिसाद देऊ लागल्या होत्या.

तेव्हा अपेक्षा तेवढीच ठेवा. आठ ते अठरा महिने या काळात बाळाला काय हवंय हे ओळखायची एक जास्तीची सोय. तेवढ्यासाठीही हे करण्याजोगं आहे, कारण खर्च शून्य.

---

काजवा

"नुसती बघते" हेच या वयात व्हायला हवं. आठव्या महिन्यात सुरू केलं तर पहिली खूण साधारण दहाव्या ते बाराव्या महिन्यात हातात येते. सहाव्यात सुरू करणाऱ्यांचंही बहुधा त्याच सुमारास होतं, वाट तेवढी जास्त बघावी लागते. समज मात्र आधी येते. दुधाची खूण केल्यावर तिची किरकिर थांबली, पाय झाडायला लागले, नजर दुधाकडे वळली, तर खूण तिला कळली. करून दाखवायला अजून वेळ आहे.

किती आणि कोणत्या: पाच पुरेत. दोन मागण्याच्या, एक थांबवण्याची, दोन नुसत्या बघण्याच्या.

दूध: मूठ उघडायची-मिटायची, दोन-तीन वेळा. स्तनपान असो की वाटी, एकच खूण.
पाणी: मूठ बंद, अंगठा तोंडाकडे. हे आपल्याकडे मोठी माणसंही करतात, शिकवावं लागत नाही.
संपलं / पुरे: दोन्ही पंजे उघडे, मनगटातून बाहेर वळवायचे, "संपलं!"
पंखा: तर्जनी वर करून गोल.
फूल किंवा माऊ: फुलाला नाकाने हुंगणं, माऊला गालांवरून मिशा ओढणं.

शेवटच्या दोन "बिनकामाच्या" वाटतात म्हणून लोक वगळतात आणि तिथेच चुकतात. बाळाला जे आवडतं, जे हलतं, जे अचानक दिसतं, त्याची खूण अनेकदा "दूध"च्याही आधी येते. दूध तर रडूनही मिळतं, पंखा फिरतोय हे मात्र रडून सांगता येत नाही. अॅक्रेडोलो यांचं लक्षही या विषयाकडे असंच गेलं. त्यांची मुलगी कोणी न शिकवता फूल दिसलं की हुंगायची, तेच तिचं फुलाचं नाव.

"संपलं" सोडू नका. वाटी फेकणं, मान फिरवणं, तोंडातला घास थुंकणं या सगळ्याला तो पर्याय आहे. तिने तो दाखवला की जेवण खरंच थांबवायचं. "आणखी दोनच घास" म्हणत भरवत राहिलात तर आठवड्याभरात ती खूण करणं सोडून देईल, आणि बरोबरच आहे तिचं.

या पाचांशिवाय खाण्याची (मम्मम) खूण घ्यायची असेल तर एक खास अडचण. पाश्चात्य व्हिडिओत खाण्याची खूण म्हणजे पाचही बोटांची टोकं जुळवून ओठांना लावणं. ते लोक चमच्याने खातात, म्हणून तिथे ही हालचाल वेगळी उठून दिसते. आपण वरणभात हाताने खातो आणि हातानेच भरवतो. बाळाला आपली खूण आणि आपला घास एकसारखेच दिसतात. त्यामुळे ही खूण जेवायला बसण्याआधी करायची, हात रिकामा आणि कोरडा असताना, तिच्याकडे बघत, ओठांवर दोनदा टेकवून: "मम्मम? मम्मम करायचं?" भरवायला लागल्यावर ती खूण नको. उजवा हात खरकटा असतो तेव्हा बाकीच्या खुणा डाव्या हाताने करा. उजवा-डावा हा भेद बाळाच्या लेखी नाही, ती आरशासारखी नक्कल करते.

नजर. सगळ्यात जास्त चूक इथे होते. बाळ वाटीकडे बघतंय आणि आपण मागे उभं राहून खूण करतोय. ज्यांची भाषाच हातांची आहे त्या कर्णबधिर आया काय करतात ते पाहण्यासारखं आहे. बाळाने वर बघेपर्यंत थांबतात; नाहीतर खांद्यावर, पायावर हलकं थोपटून लक्ष वळवतात; बाळ पाठमोरं मांडीवर असेल तर दोन्ही बाजूंनी हात पुढे घेऊन त्याच्या डोळ्यांसमोर खूण करतात; कधी वस्तूच्या अगदी शेजारी, कधी बाळाच्या अंगावरच. नोबुओ मासाताका यांनी १९९२ साली जपानी कर्णबधिर आयांबद्दल नोंदवलं की बाळाशी बोलताना त्या खुणा मोठ्या करतात, सावकाश करतात आणि पुन्हा पुन्हा करतात. आपणही बाळाशी आवाज चढवून, लांबवून बोलतोच. तेच हाताने.

एका प्रसंगाचा क्रम असा: दूध तयार आहे, ती अजून बघत नाहीये. हाक मारा. तिने बघितलं की चेहऱ्याजवळ हात नेऊन "दूध? (खूण) दूध हवं?" मग थांबा. मनात सात-आठ आकडे मोजा. हे थांबणं मोठ्यांना जड जातं, पण बाळाला हात उचलायला तेवढा वेळ लागतो. तिने काहीही केलं नाही तरी दूध द्या, देताना पुन्हा एकदा "हे बघ, दूध" आणि खूण. प्रत्येक वेळी दोन-तीनदा, दिवसात जितक्यांदा दूध होईल तितक्यांदा. वेगळा "शिकवणीचा" वेळ काढू नका.

खूण केल्याशिवाय दूध द्यायचं नाही, असा सल्ला कुठे वाचलात तर तो विसरा. भुकेलं बाळ शिकत नाही, रडतं.

पहिली खूण ओळखायची कशी. पुस्तकात असते तशी ती येणार नाही. हाताची जागा मुलांना सहसा बरोबर जमते, बोटांचा आकार सगळ्यात शेवटी. दुसरं म्हणजे, लहान सांध्याची हालचाल बाळ मोठ्या सांध्यातून करतं. मनगट वळवायचं तिथे कोपर किंवा अख्खा खांदा हलतो. म्हणून "संपलं" हे हात झटकल्यासारखं किंवा पक्ष्याने पंख मारल्यासारखं दिसेल. "पंखा" गोल न फिरता नुसताच वर-खाली होईल. "दूध" आणि "टाटा" तर पहिले काही आठवडे हुबेहूब सारखे. प्रसंगावरून ओळखा, लगेच प्रतिसाद द्या, आणि आपली खूण मात्र मूळ आकारातच करत राहा. तिचा हात धरून बोटं सरळ करत बसू नका. एखादी खूण तिने आपणहून, योग्य जागी, वेगवेगळ्या वेळी तीनदा केली की आली म्हणा. मग नवीन दोन वाढवा.

---

मोगरा_५६

पहिल्या प्रश्नाबद्दल, कारण तिथे गोंधळ खूप आहे.

भारतीय सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे. तिला स्वतःचं व्याकरण आहे. प्रश्नार्थक खूण वाक्याच्या शेवटी येते, भुवया आणि चेहरा हे व्याकरणाचे भाग आहेत, इंग्रजी मुळाक्षरं दोन्ही हातांनी दाखवतात (अमेरिकेत एका हाताने). दहा-बारा खुणा उचलून मराठी वाक्यात पेरणं म्हणजे ती भाषा शिकवणं नव्हे. उचलायला हरकत काहीच नाही, फक्त "आमच्या बाळाला साइन लँग्वेज येते" असं म्हणू नये.

निवड करताना माझं मत असं. घरात किंवा जवळच्या नात्यात कोणी कर्णबधिर असेल तर प्रश्नच नाही. भारतीय सांकेतिक भाषा, आणि ती त्या व्यक्तीकडूनच शिकायची. काकाशी किंवा आत्याशी बाळ खरंच बोलू शकेल, याहून मोठं कारण काय हवं? तसं कोणी नसेल तर घरातली मोठी माणसं आधीच जे हातवारे करतात ते आधी घ्या, उरलेल्या जागा भारतीय खुणांनी भरा. आजीला खूण नैसर्गिकपणे आठवली पाहिजे. तिला आठवली नाही तर दिवसाचे आठ तास बाळाला ती दिसणारच नाही.

अमेरिकन खुणांतली अडचण एका उदाहरणात कळते. त्यांच्याकडे "पाणी" म्हणजे तीन बोटं उभी करून इंग्रजी "डब्ल्यू" करायचा आणि हनुवटीवर टेकवायचा. आपल्या "पाणी" या शब्दाशी त्या अक्षराचा संबंध नाही. शिवाय तीन बोटं उभी ठेवून अंगठा आणि करंगळी दुमडणं वर्षाच्या बाळाला जमत नाही. अंगठा तोंडाकडे नेणं जमतं. मात्र "दूध"साठी मूठ उघडणं-मिटणं ही अमेरिकन खूणच असूनही सोपी आहे, ती ठेवा. देश बघू नका, हाताला काय जमेल ते बघा.

भारतीय खुणा बघायला दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा व्हिडिओ शब्दकोश आहे. हे केंद्र २०१५ मध्ये सुरू झालं. कोशाची २०१८ ची पहिली आवृत्ती ३,००० शब्दांची होती, २०२१ पर्यंत १०,००० झाले. मोफत आहे, 'साइन लर्न' नावाचं अॅपही आहे. खुणांमध्ये प्रांताप्रांतानुसार फरक असतो. मुंबईत पाहिलेली खूण कोशातल्यापेक्षा वेगळी निघाली तर कोणीतरी चुकलंय असं समजू नका. दोन हातांची खूण कडेवर बाळ असताना एका हाताने केली तरी चालते, सांकेतिक भाषा बोलणारेही हात अडकलेला असला की तेच करतात.

बाबांच्या कोकणीबद्दल कोणी लिहिलं नाही. तुमच्याकडे खुणेचा उपयोग तिथे जास्त होईल. आई "पाणी" म्हणते, बाबा "उदक" म्हणतो, खूण एकच. दोन्ही शब्द एकाच गोष्टीचे आहेत हे बाळाला हाताकडे बघून कळतं. बाबाने त्यासाठी मराठीकडे वळू नये.

---

चिंचगूळ

पाचवं: नको. खूण म्हणजे हालचाल, कार्डावर ती बाणांनी दाखवलेली असते. मोठ्यांनाही कळत नाही, बाळ ते कार्ड चावेल. व्हिडिओ बाळासमोर लावूच नका. १२ ते १८ महिन्यांच्या मुलांना चार आठवडे शब्द शिकवणाऱ्या डीव्हीडी दाखवून २०१० मध्ये अभ्यास झाला. ती मुलं काहीच न पाहिलेल्या मुलांपेक्षा पुढे गेली नाहीत. सगळ्यात जास्त शब्द शिकली ती मुलं ज्यांना पालकांनी व्हिडिओशिवाय, रोजच्या कामातच शिकवलं होतं. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेची २०२१ ची शिफारसही दोन वर्षांखाली स्क्रीन नको अशीच आहे, अधूनमधून नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल तेवढा वगळून. व्हिडिओ तुम्ही बघा, ती झोपल्यावर.

---

गवतीचहा

सगळ्यांचे आभार. एक शंका राहिली. प्रत्येक यादीत "अजून" ही खूण पहिल्या नंबरवर असते, तुमच्या कोणाच्याच यादीत नाही. आणि आजी तिच्या तळहातावर बोट टेकवत मोराला बोलावायचा खेळ खेळते, तो आणि "अजून" जवळजवळ सारखेच दिसतात. खेळ बंद करायचा का?

---

अर्धविराम

खेळ अजिबात बंद करू नका! खूण बदला.

अमेरिकन "अजून" म्हणजे दोन्ही हातांच्या बोटांची टोकं जुळवून एकमेकांवर टेकवायची. बाळांना टोकं जुळवणं जमत नाही, म्हणून ती टाळी वाजवतात किंवा एका हाताचं बोट दुसऱ्या तळहातात खुपसतात. पहिलं आपल्या "टाळ्या टाळ्या"त जातं, दुसरं मोराच्या खेळात. मराठी घरात ही खूण दोन्ही बाजूंनी अडकते. "अजून" हवंच असेल तर हात पुढे करून पंजा स्वतःकडे ओढायचा. "दे, इकडे आण" म्हणताना आपण करतो तसं.

यादीत नव्हतं याचं कारण वेगळं. "अजून" लवकर येते आणि मग सगळं खाऊन टाकते. मोठ्यांनी ती फक्त खाऊच्या वेळी आणि "माग बघू" अशा सुरात दाखवलेली असते. बाळाला वाटतं हा "मला हवं" याचा हात आहे. मग चेंडू हवा, अजून. उचलून घ्या, अजून. खिडकीतला कावळा, अजून. नक्की काय हवंय ते पुन्हा ओळखतच बसायचं. टाळायचं तर आधी वस्तूंच्या चार-पाच खुणा येऊ द्या. नंतर "अजून" आणा, तेही खाण्याबाहेर. झोका थांबवला, "अजून? अजून झोका?" आणि पुन्हा झोका. गुदगुल्या थांबवल्या, "अजून?" एखादी गोष्ट झाली आणि परत व्हावी, एवढाच अर्थ तिला दिसला पाहिजे. एव्हाना घोळ झालाच असेल तर खूण तोडू नका, तिच्या जोडीला नाव लावा: "अजून केळं" म्हणत दोन्ही खुणा.

---

दवबिंदू

एक गोष्ट कोणी विचारलीच नाही: जन्मानंतरची कानांची तपासणी झाली आहे असं गृहीत धरून चाललेत सगळे, मुळात प्रश्नात तिचा उल्लेखच नाही. खुणांचा एक धोका खरा आहे. बाळ हाताने छान संवाद साधायला लागलं की ऐकू कमी येत असल्याचं लक्षात यायला उशीर होऊ शकतो. म्हणून खुणा सुरू करताना कानांची फाइल काढून बघा.

नवजात बाळाची ओएई चाचणी: कानात छोटं टोक बसवतात, यंत्र आवाज सोडतं आणि आतल्या कानातून परत येणारा सूक्ष्म प्रतिसाद मोजतं. काही मिनिटांत होते, बाळ झोपलेलं असलेलं बरं. कागदावर "पास" किंवा "रेफर" येतं. पहिल्या एक-दोन दिवसांत कानात द्रव असल्यामुळेही "रेफर" येतं, म्हणून घाबरायचं नाही, पण पुन्हा चाचणी चुकवायचीही नाही. इथेच बरीच बाळं निसटतात.

ओएई आतल्या कानाच्या केसपेशींपर्यंतच बघते. पुढे नसेत अडचण असेल तर ओएई पास होऊनही ऐकण्यात दोष राहू शकतो. त्यासाठी बेरा चाचणी, ज्यात डोक्याला इलेक्ट्रोड लावून नस आणि मेंदूपर्यंतचा प्रतिसाद बघतात. बाळ जन्मानंतर पाच दिवसांपेक्षा जास्त एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असेल, काविळीसाठी रक्त बदलावं लागलं असेल, मेंदुज्वर झाला असेल, घराण्यात लहानपणापासूनचा बहिरेपणा असेल किंवा आईवडील जवळच्या नात्यातले असतील, तर ऑडिओलॉजिस्टला (श्रवणतज्ज्ञाला) हे आपणहून सांगा आणि बेराबद्दल विचारा. आठ-नऊ महिन्यांच्या बाळाची बेरा गाढ झोपेतच होते. त्या दिवशी सकाळी लवकर उठवा, वाटेत गाडीत झोपू देऊ नका, पोट भरून तिथे पोहोचा.

घरी थाळी वाजवून बघणं ही चाचणी नाही. हवेचा झोत, जमिनीचा हादरा, आपल्या हाताची सावली यांनीही बाळ वळतं. आणि थाळीचा दणका ऐकू येणाऱ्या बाळाला "स", "श" ऐकू येत असतीलच असं नाही.

कधी थांबायचं नाही: दहा-अकरा महिन्यांपर्यंत "बाबाबा, ममम" असं व्यंजनांचं बडबडणं सुरू झालं नाही, बारा महिन्यांपर्यंत बोट दाखवणं किंवा टाटा नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्दांची जोडी नाही, किंवा आलेले शब्द वा खुणा गळायला लागल्या. खुणा भरपूर असल्या तरी यातलं काहीही दिसलं की तपासणी. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून बोलण्या-ऐकण्याच्या दोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. इतरत्र जिल्हा रुग्णालयातल्या लवकर निदान केंद्रात, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली चौकशी करता येते.

---

मोगरा_५६

दवबिंदूंना जोडून. ऐकण्याचा दोष निघाला तर या धाग्यातला "पाच खुणा पुरेत" हा सल्ला लगेच बाद. अशा बाळाला पूर्ण भाषा हवी, आणि तीही वाट न बघता. श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं ऐकण्याचं उपकरण) व्हायचं असलं तरी निदान, ट्रायल, शस्त्रक्रिया, नंतरची थेरपी यात महिने जातात, आणि ते महिने भाषेविना जायला नकोत. खुणा केल्या तर इम्प्लांटनंतर बोलणार नाही, ही भीती घालून पालकांना अडवलं जातं. खुणांच्या भाषेतून भाषेचा पाया पडलेला असला तर बोली भाषाही त्यावर उभी राहू शकते. आईवडिलांनी रोज सांकेतिक भाषा शिकायची, शक्यतो कर्णबधिर शिक्षकाकडून.

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांसाठी मधला मार्ग वापरतात. वाक्य पूर्ण बोलायचं आणि त्यातल्या मुख्य शब्दाचीच खूण करायची. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात उभी राहिलेली मॅकाटन पद्धत अशीच आहे. या मुलांचं कळणं बोलण्यापेक्षा बरंच पुढे असतं, त्यामुळे तिथे खुणा वर्ष-दोन वर्षं नव्हे, जास्त काळ कामाला येतात.

---

गवतीचहा

दवबिंदू, बरोबर पकडलंत. तिची फक्त ओएई झालेली आहे, पास. एनआयसीयू नाही, पण आम्ही दोघं नात्यातले आहोत. बेराचं विचारते. शेवटचं: पाळणाघरात काय सांगू? तिथे दोन ताई आणि बारा मुलं आहेत.

---

काजवा

बारा मुलांत कोणी खुणा "शिकवणार" नाही, तशी अपेक्षाही ठेवू नका. तिने केलेली खूण ओळखली गेली तरी पुष्कळ.

एका कागदावर तीनच खुणा लिहा: पाणी, संपलं, आणि तिची जी सगळ्यात लाडकी असेल ती. खूण पुस्तकातली लिहू नका, ती प्रत्यक्षात जशी करते तशी लिहा: "दोन्ही हात झटकते = जेवण पुरे", "मूठ तोंडावर आपटते = पाणी". ताईंनी काय करायचं ते एका ओळीत: "खूण दिसली की तो शब्द मोठ्याने म्हणा आणि ती वस्तू द्या." शक्य असेल तर मोबाइलवर तिच्या हाताचा दहा सेकंदांचा व्हिडिओ काढून ताईंना दाखवा. आणि पहिल्या आठवड्यात घ्यायला जाल तेव्हा "आज काय खाल्लं?"च्या जोडीला "हाताने काही सांगितलं का?" हेही विचारा. ताई बघायला लागतात.

पाळणाघरातून ती एखादी नवी खूण घेऊन आली, जी तुम्ही शिकवलेली नाही, तर ताईंना विचारून घ्या. दुसऱ्या एखाद्या मुलाची असेल. घरीही तीच चालू ठेवा. अठराव्या-विसाव्या महिन्याच्या आसपास शब्द वाढायला लागले की खुणा आपोआप मागे पडतात. आधी खूण आणि शब्द एकत्र, मग नुसता शब्द. त्या टिकवायचा प्रयत्न करू नका. तोंडात घास असताना किंवा रडून बोलता येत नसताना काही दिवस परत येतील, तेव्हा नेहमीसारखंच उत्तर द्या.